ब्लोअर काढला की पल्सजेट बंद पडतं: किनाऱ्यावरच्या वर्कशॉपसाठी निदान

पल्सजेट म्हणजे नळीत इंधन धक्क्याधक्क्याने जाळून जोर देणारं साधं जेट इंजिन, ते सुरू करताना ब्लोअरने पुढून हवा द्यावी लागते. त्याची तक्रार जवळपास याच शब्दांत येते: "स्पार्क आहे, पेट्रोल जातंय, ब्लोअरवर जोरात गरजतं, पण ब्लोअर बाजूला घेतला की दोन-तीन फटके मारून बंद." इंजिन डिसेंबरात बनवलेलं असतं, तेव्हा ते चाललेलं असतं, त्याचा व्हिडिओही असतो. मार्चमध्ये कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी परत बाहेर काढलं की ऐकत नाही. रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ला, तिकडे वर अलिबाग, समुद्राला लागून असलेल्या कुठल्याही गावात पल्सजेट बनवणाऱ्या मुलांना हा दोष एकदा तरी भेटतोच. आणि विचारायला येईपर्यंत त्यांनी दोन कामं केलेली असतात. प्लग बदललेला असतो, आणि पेट्रोल किती जायचं ते ठरवणारी सुई इतकी फिरवलेली असते की आधीची जागा कुठली होती ते कुणालाच आठवत नाही.

म्हणून आधीच सांगतो: किनाऱ्यावर हा दोष आला की सुईला हात लावू नका. आधी झडप उघडा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच असतं, आणि ते डोळ्यांना दिसतं.

ब्लोअर काय झाकून ठेवतो

पल्सजेटमध्ये पिस्टन नाही, टर्बाइन नाही. पुढे पातळ पोलादी पात्यांची झडप, तिच्या मागे ज्वलनकक्ष, त्याला जोडलेला लांब टेलपाइप, एवढाच पसारा. मिश्रण पेटलं की दाब वाढतो, पाती सीटवर, म्हणजे ती टेकतात त्या बैठकीवर, आपटून बंद होतात आणि गॅसला टेलपाइपशिवाय वाट उरत नाही. तो वेगाने बाहेर पडतो, आणि अंगच्या जडत्वामुळे थांबायला हवं तिथे थांबत नाही. कक्षातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली उतरतो. त्या ओढीने पाती उघडतात, ताजी हवा आणि इंधन आत येतं, मागे उरलेल्या तापलेल्या गॅसने ते पेटतं आणि फेरा पुन्हा सुरू होतो. स्पार्क लागतो तो फक्त सुरुवातीला. इंजिन एकदा लागलं की इग्निशन बंद केलं तरी काही बिघडत नाही. तेव्हा चालू झालेलं इंजिन मध्येच मरत असेल तर नवा प्लग घालून काही साधत नाही.

या इंजिनात दाब फार चढत नाही, हे लक्षात ठेवायचं. मोटरसायकलच्या इंजिनात पेटण्याआधी मिश्रण आठ-दहा पट दाबलेलं असतं. इथे ते जवळपास बाहेरच्या हवेच्याच दाबाला पेटतं. मुळात दाब थोडा, त्यातला काही भाग झडपेच्या फटींतून पुढे निसटला, तर गॅस मागे पुरेशा जोराने जात नाही. तो जोराने गेला नाही तर मागे ओढ तयार होत नाही. ओढ नाही, म्हणून ताजी हवा नाही, आणि इंजिन विझतं.

ब्लोअर लावलेला असताना हे काहीच कळत नाही. झडपेच्या तोंडाशी तो सतत दाब धरून असतो, त्यामुळे गळक्या पात्यांतूनही गॅस फारसा पुढे येत नाही. हवा ओढून घ्यायचीही गरज नसते, ती ढकलून मिळते. विहिरीवरच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह गळका असला की वरून पाणी ओतत राहिलं तोवर पंप पाणी फेकतो आणि ओतणं थांबलं की कोरडा फिरतो, तसंच हे आहे.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने व्ही-१ या उडत्या बॉम्बवर बसवलेलं आर्गुस ए एस ०१४ हे इंजिनही याच जातीचं. १३ जून १९४४ला लंडनवर पहिला व्ही-१ पडला. सेकंदाला साधारण ४५ धक्के, असा त्याचा घरघराट होता. त्याचीही सगळ्यात अल्पायुषी जागा स्प्रिंग पोलादाच्या पात्यांचीच झडप होती. पण व्ही-१ला एकदाच जायचं असे, आणि ताशी ६४० किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने दोन-अडीचशे किलोमीटरचं अंतर अर्ध्या तासाच्या आत संपे. पाती तेवढी टिकली की काम झालं. आपल्याला तेच इंजिन पुन्हा पुन्हा चालवायचं आहे, म्हणून आपला प्रश्न वेगळा आहे.

आधी कानाने, मग पान्याने

झडप उघडण्यापूर्वी पाच मिनिटांची एक चाचणी करून घ्या. फोनवर आवाजाचा स्पेक्ट्रम दाखवणारं कुठलंही मोफत ॲप घ्या. फोन इंजिनापासून वीस-पंचवीस फूट लांब ठेवा, जवळ ठेवलात तर माइक बधिर होऊन चुकीचं दाखवतो. इंजिन ब्लोअरवर चालवा आणि स्पेक्ट्रममध्ये एक ठळक उंच टोक दिसतं का ते बघा.

ते टोक कुठे यायला हवं याचा ढोबळ हिशेब असा: तापलेल्या गॅसमधला ध्वनीचा सरासरी वेग सेकंदाला ५५० मीटर धरा आणि त्याला नळीच्या एकूण लांबीच्या चौपटीने भागा. झडपेपासून टोकापर्यंत ९० सेंटीमीटर लांबी असेल तर उत्तर १५० हर्ट्झच्या आसपास येतं. साडेतीन मीटरहून थोड्या लांब आर्गुसला हाच हिशेब चाळिशीच्या जवळचा आकडा देतो, म्हणजे पद्धत ढोबळ असली तरी दिशा चुकवत नाही.

टोक दिसलंच नाही, नुसता पसरट गोंगाट दिसला, तर तुमचं इंजिन अजून पल्सजेट म्हणून चाललेलंच नाही. नळीत पेट्रोल जळतंय, गरजण्याचा आवाजही येतोय, पण धक्के पडत नाहीत. अशा वेळी झडप गळकी असण्याची शक्यता सर्वांत जास्त. टोक स्पष्ट असेल, हिशेबाच्या जवळ असेल आणि तरीही ब्लोअर काढल्यावर इंजिन मरत असेल, तर मात्र इंधन आणि टेलपाइपकडे वळायला हरकत नाही. टोक आहे पण हिशेबापेक्षा बरंच खाली आहे, याचा अर्थ गॅस पुरेसा तापत नाही. मिश्रणात पेट्रोल जास्त होतंय, किंवा पुन्हा झडपच.

झडपेवरची पांढरी पूड

किनाऱ्यावरच्या मुलांची बहुतेक इंजिनं डायनाजेट या जुन्या मॉडेल इंजिनाच्या धर्तीची असतात. लेथवर काढलेली ॲल्युमिनियमची सीट, तिला गोल भोकं, त्यांच्यावर एकाच पातळ पत्र्यातून कापलेली पाकळ्यांची (म्हणजे वर सांगितलेल्या पात्यांची) चकती, आणि पाकळ्या ठराविक मर्यादेपलीकडे वाकू नयेत म्हणून वर वक्र रिटेनर. पाकळ्यांचा पत्रा साधारण ०.१५ ते ०.२५ मिमी जाडीचा, कार्बन स्प्रिंग पोलादाचा. कुणी फीलर गेजच्या पट्ट्या वापरतं, कुणी शिमचा पत्रा.

आता ही जोडी समुद्रकाठी काय करते बघा. ॲल्युमिनियम आणि पोलाद एकमेकांना चिकटून, मध्ये खारट ओल. एवढ्याने विद्युत-रासायनिक गंज सुरू होतो आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. सीटवर, नेमकं पाकळीच्या खाली, पांढरी भुकटी धरते. बोटाला जेमतेम जाणवेल एवढीच. पण पाकळी सीटवर सपाट बसायची ती त्या भुकटीवर टेकून राहते, आणि भोकाच्या कडेने फट पडते. तुमची झडप इथे गळते.

"पण इंजिन तर घरात होतं, समुद्राचं पाणी लागलंच नाही," हे नेहमीचं उत्तर. पाणी लागायची गरज नाही. लाटा फुटतात तिथून मिठाचे अतिसूक्ष्म थेंब वाऱ्याबरोबर आत येतात, पहिल्या काहीशे मीटरांत त्यांचा मारा सगळ्यात जास्त. थेंब वाळला तरी मीठ पाकळीवर राहतं. साधं मीठ हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून विरघळतं, आणि कोकणात रात्री तेवढी आर्द्रता असणं नेहमीचं आहे. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच ओल धरतं. पल्सजेट स्वतः हवा ओढतं, म्हणजे चालू असतानाही हा खारा फवारा थेट पाकळ्यांवरूनच आत जातो. मार्चपर्यंत ती झडप एकदाही खऱ्या अर्थाने कोरडी झालेली नसते.

तपासायचं कसं? झडपेचा भाग खोलून, पाकळ्या वरच्या बाजूला येतील असा आडवा धरा आणि त्यांच्यावर थोडं रॉकेल ओता. रॉकेल मिळत नसेल तर डिझेल. खालच्या भोकांतून सावकाश थेंब पाझरला तर चालेल. धार लागली तर तुमचा दोष सापडला. मग अंधाऱ्या खोलीत मागून टॉर्च धरा, कुठली पाकळी उचललेली आहे ते उजेडाच्या रेषेवरून कळतं.

दुरुस्ती अवघड नाही, फक्त घाई करू नका. चकती काढा. जाड काचेवर १००० नंबरचा घासपेपर पसरा, तेलाचे दोन थेंब टाका आणि सीट त्यावर आठच्या आकड्यासारखी फिरवत घासा. सगळ्या पृष्ठभागावर एकसारखा रंग आला की सीट सपाट झाली. नंतर पाण्याने धुवा, आणि इथे एक अडचण आहे: किनाऱ्यालगतच्या बऱ्याच विहिरींचं पाणी मचूळ असतं, त्याने धुतलंत तर पुन्हा मीठच लावलंत. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर पेट्रोलपंपावर किंवा बॅटरीवाल्याकडे मिळतं, ते वापरा. ब्लोअरने वाळवा, मशीनच्या पातळ तेलाचा हात फिरवा.

काहीजण सीट स्टेनलेसची करतात आणि पाकळ्या कार्बन पोलादाच्याच ठेवतात. किनाऱ्यावर हे करू नका. मग गंज सगळा पाकळीवर येतो, आणि सीट झिजण्यापेक्षा ते वाईट. बदलायचंच असेल तर दोन्ही स्टेनलेस करा. पाकळीसाठी ३०१ ग्रेडची कडक गुंडाळीतली पट्टी, किंवा कॉम्प्रेसरच्या पात्यांसाठी बनवतात ती स्टेनलेस पट्टी. महाग पडते आणि गावात मिळत नाही, मुंबई-पुण्याहून मागवावी लागते. तरी माझ्या मते समुद्राच्या इतक्या जवळ ती पैसा वसूल करते.

तुटलेल्या पाकळ्या टाकू नका

झडप सीटवर नीट बसते, पण थोडा वेळ चालून इंजिन पुन्हा मरतं, असं असेल तर पाकळ्या तुटतायत. त्या जपून ठेवा, कारण कुठे तुटली यावरून का तुटली ते कळतं. ही माहिती फार कमी मुलं वापरतात याचं मला वाईट वाटतं, कारण ती फुकट मिळते.

आधी हिशेब. सेकंदाला २०० धक्के पडणाऱ्या छोट्या इंजिनात दहा मिनिटांत प्रत्येक पाकळी १ लाख २० हजार वेळा वाकते आणि तेवढ्याच वेळा सीटवर आपटते. कुठलाही धातू अशा वाकण्याने थकतो. किती लवकर थकतो ते त्याच्यावर येणाऱ्या ताणावर आणि त्याच्या पृष्ठभागावर अवलंबून.

ताण रिटेनरच्या वक्रतेवरून काढता येतो. पाकळीची जाडी ०.२ मिमी आणि रिटेनरच्या वळणाची त्रिज्या ४० मिमी असेल, तर पोलादात वाकण्याचा ताण चौरस मिलिमीटरला साधारण ५०० न्यूटन येतो. त्रिज्या निम्मी केलीत, २० मिमी, तर ताण दुप्पट, १००० न्यूटन. ५०० चांगलं स्प्रिंग पोलाद बराच काळ सोसतं, १००० सोसत नाही. म्हणून पाकळ्या मुळाशी, रिटेनरचं वळण सुरू होतं तिथे तुटत असतील तर रिटेनर फार वळवलेला आहे. लेथवर दुसरा काढा.

टोकं कुरतडल्यासारखी, किनारी उडालेल्या, आणि जवळपास सगळ्याच पाकळ्यांची तीच गत असेल तर आपटण्याचा आणि उष्णतेचा मारा आहे. पाकळी उघडते जास्त आणि परत येते फार वेगाने. रिटेनरमधली उघड थोडी कमी करून बघा. टोकावर निळसर-करडी झाक असेल तर पोलादाचं पाणी उतरलं, म्हणजे त्याचा कडकपणा गेला, ती चकती पुन्हा वापरू नका.

समोरासमोरच्या दोनच पाकळ्या दर वेळी तुटतायत? मग पत्र्याच्या रोलिंगची दिशा बघा. पट्टी रोलमधून ज्या दिशेने निघते त्या दिशेने लांब असलेली पाकळी जास्त टिकते, आडवी असलेली लवकर थकते. गोल चकतीत दोन्ही जातीच्या पाकळ्या असतातच. याला इलाज म्हणून पत्रा किंचित जाड घेतात किंवा रिटेनर सौम्य करतात.

आणि पाकळी कुठेही, कशीही, मध्येच तुटत असेल, आज ही उद्या ती, तर ते मिठाचं काम. भिंगातून तुटलेली कड बघा. काठावर तांबूस ठिपका आणि तिथून पसरत गेलेली भेग दिसेल. गंजाने पोलादाला टाचणीच्या टोकाएवढा खड्डा पडतो, वाकण्याचा ताण त्या खड्ड्याच्या तळाशी एकवटतो आणि भेग सुरू होते. कोरड्या हवेत ज्या ताणाला पाकळी टिकली असती, खाऱ्या ओलीत त्याच ताणाला ती तुटते. असा ठिपका दिसलेली चकती घासून परत बसवू नका. वरचा गंज जातो, खड्डा राहतो.

कापण्याच्या पद्धतीनेही फरक पडतो. पत्राकात्रीने किंवा ग्राइंडरने कापलेल्या कडेला बर (खरखरीत उरलेली धार) राहते आणि भेगेला तिथून सुरुवात मिळते. सर्किट बोर्ड बनवतात तसं फेरिक क्लोराइडमध्ये एचिंग करून पाकळ्या काढल्या तर कड स्वच्छ येते, मी तीच पद्धत सुचवतो. मात्र एचिंगनंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात चकती बुडवून, मग डिस्टिल्ड पाण्याने धुवायलाच हवी. नाहीतर क्लोराइड तुम्ही स्वतःच वर्कशॉपमध्ये लावून दिलंत आणि समुद्राला नावं ठेवत बसाल. हातमोजे आणि चष्मा घालूनच हे काम करा.

पेट्रोलवर संशय कितपत घ्यावा

झडप ठीक निघाली तर मग इंधन. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि "हे पेट्रोल पल्सजेटला चालत नाही" असं मुलं ठामपणे सांगतात. चालतं. फरक किती आहे ते मोजून बघू. शुद्ध पेट्रोलच्या १ किलोला जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलच्या १ किलोला ९ किलो. २० टक्के मिश्रणाला साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी पेट्रोल आठ-नऊ टक्के जास्त सोडावं लागतं. पेट्रोल सोडणाऱ्या जेटचं भोक १ मिमीचं असेल तर ते सुमारे १.०४ मिमी करण्याइतका हा फरक आहे. सुईवर तो सहज बसतो.

आता दुसरी बाजू. परदेशी आराखडे बहुधा १५ अंशांची कोरडी हवा गृहीत धरतात. आपल्याकडे ३२ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर तापल्यामुळे हवा पाच-सहा टक्के विरळ, आणि वर वाफेने आणखी चार टक्के जागा घेतलेली. ऑक्सिजन नऊ टक्क्यांच्या आसपास कमी. म्हणजे हवामान म्हणतं पेट्रोल तेवढंच कमी सोडा, इथेनॉल म्हणतं तेवढंच जास्त सोडा. जवळपास फिटंफाट होते! आराखड्यात दिलेल्या जागेवरून सुई पाव-अर्धा फेरा इकडेतिकडे करून जे जमत नाही, ते तीन फेरे फिरवूनही जमणार नाही.

इथेनॉलची खरी अडचण साठवणीत आहे. ते हवेतली ओल ओढतं, आणि ओल ठराविक मर्यादेपलीकडे गेली की पाणी आणि इथेनॉल एकत्र तळाशी बसतात. टाकीची नळी तळातूनच निघते, त्यामुळे इंजिनाला पहिला घोट त्याचाच मिळतो. अर्धवट भरलेल्या कॅनमधलं महिन्यापूर्वीचं पेट्रोल काचेच्या बाटलीत तासभर ठेवून बघा. तळाशी वेगळा थर दिसला तर ते इंजिनात घालू नका. साध्या रबराच्या जुन्या नळ्याही या पेट्रोलने फुगतात आणि आतून अरुंद होतात.

टाकीची उंचीही बघून घ्या. पेट्रोलची पातळी जेटच्या बरोबरीने किंवा बोटभर खाली हवी. टाकी वर असेल तर बंद इंजिनातही पेट्रोल गळत राहतं. तो नुसता बिघाड नाही, आगीचं निमंत्रण आहे.

टेलपाइप

यावर फार लिहीत नाही. वेल्डिंगला चीर असेल तर भरा. शेवटचं टोक आखूड कापलं गेलं असेल तर आत सरकेल अशा नळीचा तुकडा बसवून चार-पाच सेंटीमीटर लांबी वाढवून बघा. आखूड नळीपेक्षा किंचित लांब नळी सुरू व्हायला सोपी असते. जोर थोडा कमी मिळतो, पण सुरू तर होतं.

बंद केल्यावर काय करता

चालू असताना आत येणारी हवा आणि उडणारं पेट्रोल पाकळ्यांना थंड ठेवतं. इंजिन बंद केलं की हा थंडावा जातो आणि लाल झालेल्या कक्षाची उष्णता झडपेकडे सरकते. पुष्कळ पाकळ्या चालताना नाही, बंद केल्यानंतरच्या पहिल्या मिनिटात खराब होतात. म्हणून पेट्रोल तोडून इंजिन बंद झालं, ज्योत पूर्ण विझली, की ब्लोअर लगेच परत लावा आणि नळी हात लावण्याजोगी होईपर्यंत हवा सोडत राहा. मगच झडप खोलायची, डिस्टिल्ड पाण्याने धुवायची, वाळवायची, तेल लावायची आणि सिलिका जेलच्या पुडीसोबत हवाबंद डब्यात ठेवायची. रंग बदलणारं सिलिका जेल घ्या, ओल धरली की कळतं, तव्यावर मंद तापवून ते परत वापरता येतं. पुढच्या वेळी लावताना तेल पुसायला विसरू नका. झडप इंजिनाला लावलेली ठेवून पावसाळा काढू नका, मिरगाच्या आधी ती डब्यात गेली पाहिजे.

झडपच नको असेल तर

बिनझडपेचं पल्सजेटही असतं. फ्रान्सच्या स्नेकमा या विमान-इंजिन कंपनीने १९५०च्या दशकात एस्कोपेट नावाचं असं इंजिन बनवलं, आणि अमेरिकेत लॉकवुड-हिलर हा आराखडा पुढे आला. त्यात नळी यू आकारात वळवतात, हवा घेणारं तोंड आणि टेलपाइप दोन्ही मागे. तुटायला पाकळीच नाही. विद्यार्थ्यांना किनाऱ्यावर एकच इंजिन करायचं असेल तर मी हेच करायला सांगेन. त्याचं गणित मात्र नळ्यांच्या मापांत असतं, मापं चुकली तर सुईने सुधारत नाहीत. हे इंजिन बहुधा गॅसवर चालवतात. घरचा लाल सिलिंडर त्यासाठी वापरणं नियमात बसत नाही, १९ किलोचा व्यावसायिक निळा घ्या. जास्त ओढ लागली की सिलिंडर थंड पडतो, दाब उतरतो आणि इंजिन हळूहळू दम तोडतं. तो इंजिनाचा दोष नाही.

कुठे चालवावं, आणि विमानाचं काय

पहाटे मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, दुपारी खारे वारे सुरू होतात. चाचणी सकाळी लवकर घ्या, हवेचं तोंड जमिनीकडे ठेवा. पाकळ्यांना मीठ कमी लागेल. सडा, म्हणजे गावावरचं खडकाळ पठार, मोकळा असतो म्हणून तिथे जाता, पण फेब्रुवारीनंतर सड्यावरचं गवत वाळलेलं असतं आणि टेलपाइप लालभडक होतो. एका ठिणगीने वणवा लागून कुणाची काजू-आंब्याची बाग जाऊ शकते. जागा साफ करा, वाळू आणि पाणी जवळ ठेवा, स्टँड काँक्रीटला बोल्टने बांधा. कानांना मफ लावल्याशिवाय कुणालाही जवळ येऊ देऊ नका. बंद शेडमध्ये चालवायचं नाही. आवाज लांबवर जातो, आणि किनारपट्टीवर असा आवाज आला की लोक घाबरतात, त्यामुळे पोलीस पाटलांना आणि ग्रामपंचायतीला आधी सांगा.

विमानावर बसवण्याचा प्रश्न प्रत्येक गट विचारतो. मोठ्यांनी ते करून पाहिलं आहे. जर्मनीच्या मेसरश्मिट ३२८ या विमानाला दोन पल्सजेटं लावली, पण त्यांच्या कंपनाने आणि आवाजाने सांगाड्याचं इतकं नुकसान होई की तो प्रकल्प सोडावा लागला. १९५०च्या दशकात अमेरिकेत एक्सएच-२६ या छोट्या हेलिकॉप्टरच्या पंख्याच्या टोकांना पल्सजेटं बसवून उडवलं गेलं, तेही पुढे गेलं नाही. पेट्रोल फार लागतं, कारण पेटण्याआधी मिश्रण दाबलंच जात नाही. टिकलं ते मॉडेल विमानांत आणि तोफखान्याच्या सरावासाठी उडवतात त्या लक्ष्य-ड्रोनमध्ये, जिथे इंजिन स्वस्त असणं टिकाऊ असण्यापेक्षा महत्त्वाचं असतं.

आपल्याकडे चिपीचा विमानतळ आहे, रत्नागिरीची धावपट्टी आहे, खाली गोव्यात नौदल आहे. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाच्या नकाशावर आपला भाग कुठल्या रंगात येतो ते बघावं लागतं, आणि जळतं इंजिन असलेली वस्तू परवानगीशिवाय किनाऱ्यावर उडवणं हा सरळ गुन्ह्याचा विषय होऊ शकतो. स्टँडला वजनकाटा लावा, थ्रस्ट मोजा, आवाजाचं टोक नोंदवा, दर वेळी पाकळ्यांचे फोटो काढा. प्रोजेक्टला एवढं पुरेसं आहे, आणि पुढच्या वर्षीच्या गटाला तुमच्या इंजिनापेक्षा ही वहीच जास्त उपयोगी पडेल.